खाते उघडले, पुढे काय?

२०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत देशभर ग्रामपंचायत पातळीवर बँकांची शिबिरे भरली. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्या वेळी उघडलेल्या खात्यांना दहा वर्षे झाल्यामुळे नियमाप्रमाणे खातेदारांची ओळख पुन्हा तपासण्याची, म्हणजे नव्याने केवायसी करण्याची वेळ आली होती. हे राहून गेले की खात्यातले व्यवहार अडतात. म्हणून या वेळी बँकाच गावात आल्या. केवायसीसोबत विमा योजनांची नोंदणी झाली, फसवणुकीपासून सावध कसे राहावे हेही सांगण्यात आले.

त्याच सुमारास जाहीर झालेले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आम्हाला वाटते. जनधन खात्यांची संख्या ५६ कोटींवर गेली. त्यांपैकी सुमारे १३ कोटी खाती, म्हणजे जवळजवळ २३ टक्के, निष्क्रिय आहेत. खातेदाराने स्वतः दोन वर्षांत एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरले जाते. खाते उघडण्याची मोहीम देशाने मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली यात शंका नाही. ते खाते हाताळायचे कसे, हे शिकवण्याचे काम मात्र मागे राहिले. त्याची झळ सर्वांत जास्त कोणाला लागते, तर नुकत्याच कमावू लागलेल्या गरीब घरच्या मुलामुलींना. या लेखात आम्ही त्यांच्याबद्दल आणि आपल्या मंडळाला करता येण्याजोग्या कामाबद्दल लिहीत आहोत.

आपल्या भागातली मुले

पांढुर्णा आणि सौंसर मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. तिगाव त्याच जिल्ह्यातले, नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे गाव. संत्रा आणि कापूस ही या पट्ट्याची ओळख. आपल्यापैकी अनेकांची मुले शिकून नागपूर, भोपाळ, पुण्याला गेली. काही परदेशी आहेत. त्यांना पैशाचे व्यवहार घरातच शिकायला मिळाले. वडिलांबरोबर बँकेत गेली, पावती कशी भरतात ते पाहिले, पुढे पगाराचे खाते कंपनीने काढून दिले.

सालदाराच्या मुलाला हे मिळत नाही. गुढीपाडव्याला वर्षाचा करार होतो, उचल घेतली जाते आणि ती फिटेपर्यंत पुढचा पाडवा येतो. त्या घरात महिन्याच्या महिन्याला हाती येणारी रक्कमच नसते, तर मुलगा महिन्याचा हिशेब कोठे पाहणार? शेतमजूर, संत्रा तोडणीला जाणारे, आदिवासी वस्तीतले, बोरगावच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत लागलेले, अशा घरांतली मुले आज पहिल्यांदाच बँकेतून पैसा घेत आहेत. शिष्यवृत्ती खात्यात येते. जून २०२३ पासून आईच्या खात्यात लाडली बहनाचे पैसे येतात. २०२३ मध्येच आपल्या राज्याने सुरू केलेल्या सीखो-कमाओ योजनेत १८ ते २९ वर्षांच्या प्रशिक्षणार्थीला बारावीनंतर महिना ८,००० आणि पदवीनंतर १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्यातला राज्याचा ७५ टक्के वाटा थेट खात्यात जमा होतो. आधार, समग्र आयडी, मोबाइल क्रमांक आणि खाते, ही चार टोके जुळली की पैसा येतो. एक टोक सुटले की तो थांबतो, आणि का थांबला हे कोणी सांगत नाही.

त्यात भाषेची अडचण आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, बँकेचा संदेश हिंदीत नाहीतर इंग्रजीत. आपल्या राज्यात आर्थिक साक्षरतेची पत्रके साहजिकच हिंदीत वाटली जातात. मुलाला हिंदी समजते. पण ज्या आईच्या नावावर खाते आहे तिला 'नामांकन', 'ऋण', 'अतिदेय' या शब्दांचा अर्थ विचारा. ती मान डोलावेल आणि कियोस्कवाल्याला म्हणेल, "भाऊ, तुम्हीच पाहून घ्या." बँकेतल्या नोकरीत हे वाक्य आम्ही हजारदा ऐकले आहे. ज्याला हे सांगितले जाते तो बहुतेक वेळा भला माणूस असतो. पण बाईचा अंगठा यंत्रावर, पासबुक दुसऱ्याच्या हातात आणि पावती घेतलेली नाही, ही सवय एकदा लागली की एखाद्या दिवशी समोरचा माणूस भला नसला तरी कळत नाही.

नवे धोके कसे चालतात

पूर्वी गरीब घरचा मुलगा पैशात फसायचा तो सावकाराकडे किंवा 'पैसे दुप्पट' करून देणाऱ्या एखाद्या कंपनीत. दोन्ही अजून आहेत. पण गेल्या काही वर्षांत तीन नवी जाळी पसरली आहेत आणि तिन्ही मोबाइलमधूनच येतात.

पहिले, झटपट कर्ज देणारी ॲप. हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मुलगा ५,००० रुपयांचे कर्ज मागतो. 'शुल्क' म्हणून १,५०० आधीच कापले जातात, हातात ३,५०० येतात आणि सात दिवसांनी ५,००० परत करायचे असतात. म्हणजे ३,५०० रुपयांवर आठवड्याला १,५०० रुपये, जवळजवळ ४३ टक्के. गावातला सावकार शेकडा पाच रुपये महिना घेतो, तेव्हा वर्षाचे ६० टक्के होतात आणि आपण त्याला लुटारू म्हणतो. या ॲपचा वर्षाचा दर साध्या गुणाकाराने २,२०० टक्क्यांवर जातो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात गेली पाहिजे. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, हे एका तक्त्यात आधी दाखवले पाहिजे. ठरलेल्या मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडण्याची सोय हवी. फोनमधली नावे आणि फोटो ॲपने उघडता कामा नयेत. १ जुलै २०२५ पासून नोंदणीकृत बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. नियम चांगले आहेत. पण जो मुलगा रात्री अकरा वाजता पैशांच्या नडीत ॲप उघडतो, त्याला ही यादी आहे हे कोणी सांगितलेले असते का?

दुसरे जाळे आम्हाला सर्वांत घातक वाटते. ते म्हणजे खाते भाड्याने देणे. कोणी ओळखीचा येतो, म्हणतो, "तुझे खाते रिकामेच आहे ना? एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याचे दोन हजार देतो." मुलाला वाटते, आपले जाते काय? खात्यात तर शंभर रुपये आहेत. त्या खात्यात दूरच्या एखाद्या शहरातल्या म्हाताऱ्याचे लुबाडलेले पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात. चोर असे पाच-सात खात्यांतून पैसा फिरवतो, म्हणजे माग लागत नाही. पोलीस माग काढत येतात तेव्हा त्यांना आधार सापडते आपल्या मुलाचे, मोबाइल क्रमांकही त्याचाच. खाते गोठवले जाते. त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्ती किंवा मजुरी अडकते. वर परराज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस आली तर जाण्या-येण्याचे भाडे कोठून आणायचे? अशी खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली बनवली असून डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना तिच्यासाठी सहकार्य करण्याचे आवाहन केले. यंत्र खाते पकडेल. मुलगा त्यात पडण्याआधी त्याला सावध करणे यंत्राच्या हातात नाही.

तिसरे, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. कायद्याने उघड जाहिराती थांबल्या तरी सट्ट्याचा चोरटा मार्ग पूर्ण बंद होत नाही, हे आकड्यांच्या सट्ट्याचा इतिहास पाहिलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको.

व्याख्यानाने का भागत नाही

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील २७ टक्के प्रौढच आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. ग्रामीण भागात २४ टक्के. अशा आकड्यांवरचा नेहमीचा उपाय म्हणजे शाळेत एक व्याख्यान ठेवायचे, बॅनर लावायचा, फोटो काढायचा. आम्हीही नोकरीत अशी शिबिरे पाहिली आहेत आणि त्यांचे अहवालही.

याचा उपयोग किती, यावर अभ्यास झाला आहे. २०१४ मध्ये तीन अभ्यासकांनी त्या वेळपर्यंतच्या दोनशेहून अधिक पाहण्या एकत्र तपासल्या. आर्थिक शिक्षणामुळे लोकांच्या प्रत्यक्ष वागणुकीत पडणारा फरक अगदीच थोडा निघाला, आणि शिकवलेले काही महिन्यांत विरून जाते असेही दिसले. त्यांची सूचना अशी की, निर्णय घ्यायची वेळ आली असेल तेव्हाच त्या निर्णयापुरते शिकवावे. पुढे झालेल्या काही अभ्यासांचे निष्कर्ष जास्त आशादायक आहेत, पण ही सूचना आम्हाला अनुभवानेही पटते. नववीच्या मुलाला गृहकर्ज समजावून काय होणार? तोच मुलगा तीन वर्षांनी पहिली मजुरी घेतो त्या आठवड्यात त्याच्याशी अर्धा तास बोलले, तर ते त्याच्या लक्षात राहते.

दुसरी गोष्टही विसरू नये. गरिबाला पैसा कळत नाही, हा सुखवस्तू माणसाचा गैरसमज आहे. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतील अडीचशेवर गरीब कुटुंबांच्या पैशाच्या रोजनिशी ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातले प्रत्येक कुटुंब वर्षभरात बचतीचे आणि उसनवारीचे किमान चार प्रकार वापरत होते. आपल्याकडची मजूर बाईही बचत गट, भिशी, दुकानदाराची उधारी, शेजारणीकडे ठेवलेले पैसे आणि मुलाच्या नावाचे खाते एकाच वेळी सांभाळते. तिचा हिशेब तोंडी असतो आणि पक्का असतो. तिला आणि तिच्या मुलांना हवी आहे ती बँकेची, मोबाइलची आणि कायद्याची भाषा समजावून सांगणारी जवळची व्यक्ती.

आपल्याच भाषेतली दोन उदाहरणे

सातारा जिल्ह्यातले म्हसवड हे माणदेशातले, दुष्काळी पट्ट्यातले गाव. चेतना गाला सिन्हा यांनी तेथील महिलांची सहकारी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बाया खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, तुम्ही रक्कम सांगा, आम्ही यंत्राशिवाय व्याज काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. या बँकेचे प्रतिनिधी बाजारात आणि घरोघरी जाऊन रोजची छोटी बचत गोळा करतात, कारण मजुरी बुडवून बँकेत येणे त्या बायांना परवडत नाही. शिक्षण, बँक आणि गावची बाजारपेठ तेथे एकत्र आली. यातले एकच असते तर काम उभे राहिले नसते.

दुसरे उदाहरण मुलांचे. जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये मुंबईत 'मेलजोल' ही संस्था सुरू केली. तिच्यातून 'अफलातून' हा शाळकरी मुलांचा कार्यक्रम वाढला. मुले आपले हक्क आणि जबाबदाऱ्या शिकतात आणि शाळेतच बचतीचा छोटा व्यवहार स्वतः चालवतात. अध्यक्ष मुलांमधलाच, हिशेबनीसही मुलांमधलाच. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत हे काम झाले आणि २००५ पासून ॲमस्टरडॅम येथील संस्थेमार्फत ते जगभर गेले. आफ्रिकेतल्या घानात या कार्यक्रमाची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची शाळेतली बचत वाढली. पण तेथेच जोडीला चाचणी घेतलेल्या दुसऱ्या कार्यक्रमात फक्त पैशाचेच शिकवले होते, आणि त्यातली मुले कमाईसाठी कामाला जास्त जाऊ लागल्याचे दिसले. हक्क आणि मूल्ये जोडलेल्या 'अफलातून'मध्ये तसे आढळले नाही. आपण मुलांशी पैशाबद्दल बोलू तेव्हा हे ध्यानात ठेवावे लागेल. चौदा वर्षांच्या मुलाला बचतीचे महत्त्व सांगताना 'शाळा सोड आणि कमव' असा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

आपल्या पिढीतल्या अनेकांना शाळेतली संचयिका आठवत असेल. पाच-दहा पैसे भरायचे, शिक्षक वहीत मांडायचे. रक्कम किरकोळ होती, पण आपल्या नावाची वही होती.

सरकारी व्यवस्था आहे. ती कुठे थांबते?

काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि बँका यांच्या भागीदारीने आर्थिक साक्षरता केंद्रांचा प्रयोग सुरू केला. आता अशी सुमारे २,४०० केंद्रे असून देशातले सर्व विकासखंड त्यांत येतात. २०२० ते २०२५ च्या राष्ट्रीय धोरणातही समाजाचा सहभाग हा एक आधारस्तंभ मानला आहे. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचा व्यवस्थापक असतो. २०१७ च्याच सूचनेप्रमाणे ग्रामीण शाखेने दर महिन्याला एक साक्षरता शिबिर घ्यायचे असते, आणि साक्षरता केंद्रांनी ज्यांच्यासाठी खास शिबिरे घ्यायची त्यांत शाळकरी मुलेही आहेत.

पण एक केंद्र तीन विकासखंडांसाठी असते. त्यातली दोन-तीन माणसे किती गावांत, किती वेळा जाणार? शाखेत मोजकी माणसे, समोर रांग, वरून उद्दिष्टे. व्यवस्थापक तीन वर्षांत बदलून जातो. शिबिर होते, माणसे निघून जातात. आठ दिवसांनी मुलाला प्रश्न पडतो तेव्हा विचारायला कोणी नसते. सरकार आणि बँक यांना गावात कायम राहता येत नाही. मंडळ राहू शकते.

मंडळाने काय करावे

आम्ही पाच कामे सुचवतो. एकालाही मोठा निधी लागत नाही.

एक, दहा वर्षांवरील मुलांची खाती. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा देण्याचे बँकांना कळवले. मर्यादा बँक ठरवते आणि खात्यात उधारी करता येत नाही. शाळा, शाखा आणि मंडळ यांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलांना एकदा शाखेत न्यावे. पैसे भरणे, काढणे, पासबुकातली नोंद वाचणे, हे त्यांनी आपल्या हाताने करावे. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिना १०० रुपये टाकले तर भरलेल्या ६,००० चे, ६.७ टक्के दराने, सुमारे ७,१०० होतात. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे.

दोन, गणेशोत्सवाचा हिशेब तरुणांकडे द्यावा. आपल्याकडे वर्गणी मुलेच गोळा करतात, पण वही मोठ्यांच्या कपाटात असते. वस्तीतल्या मुलामुलींना त्यात घ्यावे. पावतीपुस्तक, रोजकीर्द, खर्चाची व्हाउचर, बँकेतला भरणा आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचलेला जमाखर्च. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात आम्ही पुस्तकातून शिकलो ते त्यांना दहा दिवसांत प्रत्यक्ष शिकता येईल. शिवाय लोकांचा पैसा हाताळताना हिशेब द्यावा लागतो, ही जाणीव त्यातून येते.

तीन, मराठी साहित्य. रिझर्व्ह बँक आपल्या पुस्तिका प्रादेशिक भाषांतही काढते. फसवणुकीच्या प्रकारांवर 'राजू आणि चाळीस चोर' ही चित्रमय पुस्तिका आहे. महाराष्ट्रासाठी छापलेले मराठी साहित्य आपल्या गावांत वापरायला काही आडकाठी नाही. आपले नागपूरचे सभासद ते आणू शकतात. आयांसाठी ते मोठ्याने वाचून दाखवावे लागेल. बचत गटाची बैठक ही त्यासाठी योग्य जागा. आजीविका मिशनच्या बँक सखींना यात बरोबर घ्यावे.

चार, पहिल्या कमाईची भेट. ज्या मुलाला विद्यावेतन सुरू झाले किंवा मुलीला कारखान्यात काम लागले, तिच्याशी त्याच महिन्यात एकदा बसून बोलावे. पाच गोष्टी पुरतात. खाते, कार्ड, सिम कोणालाही द्यायचे नाही. ओटीपी सांगायचा नाही, आणि पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. वारसाचे नाव लावायचे. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा घ्यायचा; दोन्ही मिळून ४५६ रुपयांत दोन-दोन लाखांचे संरक्षण मिळते, मात्र मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक लागते, नाहीतर विमा तुटतो. आणि फसलो असे वाटले तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करायचा. पहिल्या तासात केलेल्या तक्रारीत पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

पाच, विचारायची जागा. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, दोन तास. निवृत्त बँक कर्मचारी, पोस्टमास्तर, शिक्षक यांनी आळीपाळीने बसावे. कोणी अर्ज घेऊन येईल, कोणी न समजलेला संदेश दाखवेल. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते; ती कशी लिहायची हे सांगावे. अर्ज आपण भरून देऊ नये. शेजारी बसून त्याच्याच हाताने भरून घ्यावा. वेळ जास्त लागतो, पण पुढच्या वेळी तो एकटा येत नाही, मित्राचा अर्ज घेऊन येतो.

काही पथ्ये

हे करताना काही पथ्ये कडक पाळावी लागतील. मंडळाने कोणाचे पैसे स्वतःकडे ठेवू नयेत, मुलांची बचतही नाही. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी विश्वास टिकवण्यासाठी हेच योग्य. पासबुक, कार्ड, पासवर्ड कोणाचेही हातात घेऊ नयेत. जो सभासद विमा किंवा म्युच्युअल फंडाचा एजंट आहे त्याने शिकवायला जरूर यावे, पण तेथे काहीही विकू नये. मुलगी बोलायला येईल तेव्हा बसणाऱ्यांत एक ताई किंवा मावशी असावी.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना कोण येते? कोजागिरी, हळदीकुंकू, स्नेहसंमेलन, तेच ते चेहरे. ज्या मुलांबद्दल आम्ही लिहिले त्यांतली किती जण आपल्या सभागृहाची पायरी चढली आहेत? त्यांना बोलावून ती येणार नाहीत. त्यांच्या वस्तीत, शाळेत, बचत गटाच्या ओट्यावर आपल्याला जावे लागेल. मराठी भाषा जपण्याचे काम आपण अभिमानाने करतो. त्या घरांतही मराठीच बोलली जाते, आणि बँकेचा कागद त्यांना मराठीत समजावून देणे हेही भाषेचेच काम आहे.

पैशाच्या शिक्षणाने गरिबी हटेल असा आमचा दावा नाही. मजुरी कमी असेल आणि पाऊस दगा देईल तर वहीत नीट मांडूनही शिल्लक शून्यच येते. त्यासाठी रोजगार हवा, शेतमालाला भाव हवा. पण कष्टाचे आठ हजार रुपये एका संदेशाने जाऊ नयेत, दोन हजारांच्या मोहात एखाद्या मुलाचे नाव पोलिसांच्या कागदावर येऊ नये, आणि बाप गेल्यावर त्याचा दोन लाखांचा विमा केवळ माहीत नव्हता म्हणून बुडू नये, एवढे आपल्या आवाक्यात आहे.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी आमची विनंती आहे. सुरुवातीला एक गाव, एक शाळा आणि एक शाखा पुरे. तिगावपासून सुरुवात करता येईल. शाखेच्या मासिक शिबिराची तारीख विचारण्यासाठी व्यवस्थापकांना मंडळाचे एक पत्र द्यावे, मुख्याध्यापकांना एक. ज्या सभासदांनी बँक, पोस्ट, विमा, सहकार किंवा शिक्षण खात्यात नोकरी केली आहे त्यांनी महिन्यातून दोन तास देण्याची तयारी कार्यालयात नोंदवावी. वर्षअखेरीस किती मुले आली, किती खाती चालू झाली, किती तक्रारी सुटल्या आणि किती सुटल्या नाहीत, याचा जमाखर्च सर्वसाधारण सभेत गणेशोत्सवाच्या हिशेबाबरोबरच वाचला जावा.